मायक्रोआरएनए, प्रारंभक घटक आणि जनुक-शमन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोआरएनए प्रथिननिर्मिती कशी रोखतो, याबद्दल विद्यार्थी, शिक्षक आणि प्रयोगशाळेत काम करणारे पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, पुढचे अवघड होत जातात. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मायक्रोआरएनए जनुक ‘शांत’ करतो म्हणजे नेमकं काय करतो?

मायक्रोआरएनए हा साधारण २२ न्यूक्लिओटाइड लांबीचा आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. तो अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो आणि त्याला योग्य एमआरएनएपर्यंत, म्हणजे जनुकाचा संदेश रायबोसोमकडे नेणाऱ्या आरएनएपर्यंत, नेतो. प्राण्यांमध्ये मायक्रोआरएनए जिथे जुळतो ती जागा बहुधा एमआरएनएच्या ३-प्राइम अभाषांतरित भागात असते. संपूर्ण जुळणीची गरज नसते. मायक्रोआरएनएचे दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे न्यूक्लिओटाइड, ज्यांना ‘बीज’ म्हणतात, ते जुळले की बहुतेक वेळा पुरतं.

यात डीएनए बदलत नाही आणि प्रतिलेखनही (डीएनएवरून आरएनए बनणं) थांबत नाही. तयार झालेल्या एमआरएनएपासून मिळणारं प्रथिन तेवढं घटतं. ते दोन वाटांनी घटतं: एमआरएनएचं भाषांतरण (त्यावरून प्रथिन बनणं) मंदावतं, आणि एमआरएनए स्वतःच लवकर नष्ट होतो. माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रथिन-जनुकांवर अशा जागा उत्क्रांतीत टिकून राहिल्या आहेत, यावरून या यंत्रणेचा आवाका कळतो.

पहिला मायक्रोआरएनए लिन-४. तो सी. एलिगन्स या गोलकृमीत सापडला आणि १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी त्याचं लिन-१४ या जनुकाशी असलेलं नातं दाखवून दिलं. दोघांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

२. प्रारंभक घटक कोणकोणते? सगळे पाठ करायला हवेत का?

प्रारंभक घटक (ईआयएफ) म्हणजे एमआरएनएवर भाषांतरण सुरू करून देणारी प्रथिनं. सगळे पाठ करायची गरज नाही. या विषयापुरतं एक संकुल नीट समजलं की पुढचं सोपं होतं: ईआयएफ४एफ.

या संकुलात तीन प्रथिनं असतात. ईआयएफ४ई एमआरएनएच्या ५-प्राइम टोकावरची मिथाइल-ग्वानोसिनची टोपी पकडतो. ईआयएफ४ए हा हेलिकेज आहे. एटीपी वापरून तो टोपीजवळच्या आरएनएच्या गुंडाळ्या सोडवतो. ईआयएफ४जी या दोघांना धरून ठेवतो आणि शिवाय आणखी दोन महत्त्वाच्या गोष्टींशी जोडलेला असतो: एका बाजूला ईआयएफ३, दुसऱ्या बाजूला पॉली-ए शेपटीवर (एमआरएनएच्या ३-प्राइम टोकावरची अ‍ॅडेनोसिनची रांग) बसलेलं पीएबीपी हे प्रथिन.

ईआयएफ३ हा रायबोसोमच्या लहान, ४०एस उपघटकावर असतो. त्याच उपघटकावर ईआयएफ२ सुरुवातीचा मेथिओनिन-टीआरएनए घेऊन येतो. ईआयएफ१, ईआयएफ१ए आणि ईआयएफ५ यांच्यासह हे सगळं मिळून ४३एस संकुल होतं. ईआयएफ४एफने बोलावलं की ते टोपीजवळ येतं, एयूजी शोधत पुढे सरकतं (यालाच स्कॅनिंग म्हणतात), आणि एयूजी सापडल्यावर ईआयएफ५बीच्या मदतीने मोठा ६०एस उपघटक येऊन मिळतो. इथून पुढे प्रथिनाची साखळी वाढू लागते.

३. मायक्रोआरएनए किंवा अर्गोनॉट थेट प्रारंभक घटकांना चिकटून त्यांना अडवतात का?

प्राण्यांमधल्या मुख्य मार्गात नाही. मध्ये बरीच साखळी आहे. अर्गोनॉटला जीडब्ल्यू१८२ कुळातलं प्रथिन चिकटतं. माणसात या कुळाचे तीन सदस्य आहेत, टीएनआरसी६ए, बी आणि सी. जीडब्ल्यू१८२ मध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ठिकठिकाणी विखुरलेलं असतं. त्यातले काही ट्रिप्टोफॅन अर्गोनॉटच्या खाचांत बसतात, तर दुसऱ्या भागातले सीसीआर४-नॉट या मोठ्या संकुलातल्या खाचांत. पॅन२-पॅन३ हे दुसरं शेपटी कातरणारं संकुलही जीडब्ल्यू१८२ मुळेच तिथे येतं.

सीसीआर४-नॉटची दोन कामं आहेत, आणि ती वेगवेगळी मनात ठेवल्याशिवाय या विषयातले वाद समजत नाहीत. एक, पॉली-ए शेपटी कातरणं. दोन, भाषांतरण दाबणाऱ्या प्रथिनांना एमआरएनएवर आणणं. दुसरं काम पहिल्याशिवायही होऊ शकतं: जिची शेपटी कातरताच येत नाही अशा एमआरएनएवरही सीसीआर४-नॉट बांधलं की भाषांतरण घटतं.

४. मग प्रारंभाची कोणती पायरी अडते?

आजवरचा पुरावा एकत्र पाहिला तर बोट ईआयएफ४एफकडे जातं. टोपीवर हे संकुल पूर्ण जुळत नाही किंवा जुळलेलं टिकत नाही, आणि त्यामुळे ४३एस संकुल एमआरएनएवर येत नाही. फळमाशीच्या पेशींच्या अर्कात ईआयएफ४ई आणि ईआयएफ४ए एमआरएनएपासून सुटताना दिसले आहेत. मानवी पेशींच्या अर्कात ईआयएफ४ई आणि ईआयएफ४जी जागेवर राहून फक्त ईआयएफ४ए सुटल्याचं दिसलं. ही दोन्ही कामं २०१४ मधली आहेत.

तपशील जुळत नाहीत म्हणून पुष्कळ वाचक गोंधळतात. पण तीन भागांचं संकुल मोडायला तिन्ही भाग हलवावे लागत नाहीत, एक निखळला तरी परिणाम तोच होतो. शिवाय टोपीपर्यंत पोहोचणारे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत (प्रश्न ९ आणि १०). ‘मायक्रोआरएनएचं लक्ष्य असलेला एकमेव प्रारंभक घटक कोणता?’ असा प्रश्न लिहून पाठवणाऱ्यांना मी म्हणूनच एका नावाचं उत्तर देत नाही. संकुल विचारलंत तर उत्तर स्पष्ट आहे, घटक विचारलात तर प्राणी, पेशी आणि प्रयोगपद्धत यांवर ते अवलंबून आहे.

५. प्रारंभच अडतो हे शास्त्रज्ञांनी ओळखलं कसं? रायबोसोम मध्येच अडकत असेल तरी प्रथिन कमीच मिळेल ना?

हा या पानावरचा मला सर्वांत आवडणारा प्रश्न, कारण उत्तरात तर्काची बांधणी दिसते.

पहिला धागा पॉलिसोमचा, म्हणजे अनेक रायबोसोम बसलेल्या एमआरएनएचा. साखरेच्या द्रावणाच्या उतारावर पेशीचा अर्क फिरवला की जास्त रायबोसोम बसलेले एमआरएनए खाली जातात, कमी रायबोसोम असलेले वर राहतात. प्रारंभ अडला तर एमआरएनएवर रायबोसोम कमी बसतील आणि तो वरच्या थरांकडे सरकेल. रायबोसोम वाटेत रेंगाळले तर उलट तो खालीच राहील. २००५ साली विटोल्ड फिलिपोविच यांच्या गटाने हेला या मानवी पेशींत लेट-७ या मायक्रोआरएनएच्या लक्ष्यांवर हे पाहिलं: लक्ष्यं वरच्या थरांकडे सरकली होती.

दुसरा धागा टोपीचा. त्याच वर्षी दोन गटांनी प्रारंभाची पद्धतच बदलून पाहिली. नेहमीच्या टोपीऐवजी ईआयएफ४ई पकडू शकणार नाही अशी अ‍ॅडेनोसिनची टोपी दिली, किंवा टोपीला वळसा घालून रायबोसोम आत घेणारा विषाणूचा आयरेस वापरला. मायक्रोआरएनएचा परिणाम घटला. फिलिपोविच गटाने आणखी एक सुंदर गोष्ट केली: ईआयएफ४ई किंवा ईआयएफ४जी हा घटक कृत्रिमरीत्या एमआरएनएवरच बांधून ठेवला. घटक असा हाताने आणून दिल्यावर लेट-७ ला त्या एमआरएनएचं भाषांतरण दाबता आलं नाही.

तिसरा धागा उलट दिशेने येतो. २००७ साली नाहुम सोनेनबर्ग यांच्या गटाने उंदराच्या क्रेब्स अर्बुदपेशींच्या अर्कात लेट-७ चं शमन परीक्षानळीत घडवून आणलं आणि मग त्यात शुद्ध ईआयएफ४एफ जास्तीचं घातलं. दबलेलं भाषांतरण सुटू लागलं. कमतरता नेमकी कशाची होती ते यावरून कळतं.

६. आयरेसवाले सगळे प्रयोग एकच उत्तर देतात का?

नाही. आणि आयरेसचे प्रकार न सांगता केलेलं कोणतंही विधान मी सावधपणे वाचतो.

ईएमसीव्ही या विषाणूच्या आयरेसला ईआयएफ४ई लागत नाही, पण ईआयएफ४ए आणि ईआयएफ४जीचा भाग लागतो. हेपटायटिस सी विषाणूच्या आयरेसला ईआयएफ४एफची गरजच नसते, मात्र ईआयएफ२ आणि ईआयएफ३ लागतात. क्रिकेट पॅरालिसिस विषाणूचा आयरेस कोणत्याही प्रारंभक घटकाशिवाय थेट रायबोसोमला पकडतो. कोणता आयरेस दबतो आणि कोणता दबत नाही यावरून अडलेली पायरी शोधता यायला हवी.

प्रत्यक्षात निकाल मिश्र आले. २००६ साली फिलिप शार्प यांच्या गटाने हेपटायटिस सी आणि क्रिकेट पॅरालिसिस या दोन्ही आयरेसवरचं भाषांतरणही दबल्याचं दाखवलं आणि अडथळा प्रारंभानंतरचा असल्याचं मांडलं. यामागे एक कारण नेहमी तपासावं लागतं: आयरेस असो वा टोपी, मायक्रोआरएनए एमआरएनएची शेपटी कातरतोच आणि एमआरएनए घटला की प्रथिन घटतं. प्रत्येक प्रयोगात या दोन गोष्टी सारख्याच काटेकोरपणे वेगळ्या केल्या गेल्या नव्हत्या. शिवाय पेशीत डीएनए घातला होता का तयार एमआरएनए, आणि प्रवर्तक (प्रतिलेखन सुरू करणारा डीएनएचा भाग) कोणता होता, यानेही निकाल बदलतो. एकाच रिपोर्टरचा (ज्याचं प्रथिन सहज मोजता येतं अशा प्रायोगिक जनुकाचा) प्रवर्तक बदलल्यावर शमन प्रारंभाच्या पायरीवर होतंय की नंतरच्या, हेच बदलल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं आहे.

७. लिन-१४ चा एमआरएनए तर पॉलिसोमवरच होता असं वाचलं. मग ते चूक होतं का?

निरीक्षण चूक नव्हतं. १९९९ साली अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या कामात लिन-४ हजर असतानाही लिन-१४ चा एमआरएनए पॉलिसोमवर दिसला, प्रथिन मात्र कमी होतं. त्यावरून अडथळा प्रारंभानंतरचा असावा असं मानलं गेलं, आणि अनेक वर्षं तोच पाठ शिकवला गेला.

पुढे दोन गोष्टी कळल्या. जड थरात सापडलेला एमआरएनए रायबोसोममुळेच जड आहे असं धरून चालत नाही: फळमाशीच्या अर्कात २००७ साली हेन्झे यांच्या गटाला रायबोसोम नसलेले पण तितकेच जड आरएनए-प्रथिन पुंजके मिळाले, ज्यांना त्यांनी छद्म-पॉलिसोम म्हटलं. दुसरं, रायबोसोम प्रोफाइलिंग आल्यावर हजारो लक्ष्यांवर रायबोसोम नेमके कुठे बसलेत हे मोजता आलं. रायबोसोम वाटेत गळून पडत असते तर एमआरएनएच्या शेवटाकडे त्यांची दाटी कमी व्हायला हवी होती. तसा स्पष्ट कल सर्वसाधारणपणे दिसत नाही. लक्ष्यांवरची घट सगळ्या लांबीभर सारखी असते, आणि तीच प्रारंभ अडल्याची खूण आहे.

८. मायक्रोआरएनएचा ८४ टक्के परिणाम एमआरएनए नष्ट होण्यातून येतो ना? मग प्रारंभक घटकांचा एवढा विचार कशाला?

आकडा खरा आहे. २०१० साली डेव्हिड बार्टेल यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या पेशींत रायबोसोम प्रोफाइलिंग करून दाखवलं की प्रथिनातली किमान ८४ टक्के घट एमआरएनएच्या घटीने समजावता येते. पण हे मोजमाप स्थिरावलेल्या अवस्थेचं आहे. मायक्रोआरएनए येऊन बरेच तास उलटल्यावर काय उरलं, ते त्यात दिसतं. आधी काय घडलं हे त्यातून कळत नाही.

क्रम कळायला घड्याळ लावून पाहावं लागतं, आणि २०१२ साली ते दोन ठिकाणी झालं. झेब्राफिशच्या गर्भात मिर-४३० हा मायक्रोआरएनए मातेकडून आलेले एमआरएनए साफ करतो. अँटोनियो हिराल्डेझ यांच्या गटाला फलनानंतर ४ तासांनी लक्ष्यांचं भाषांतरण घटलेलं दिसलं, पण एमआरएनए अजून बराचसा शाबूत होता. ६ तासांनी एमआरएनएच घटला होता. फळमाशीच्या पेशींत रेचल ग्रीन यांच्या गटानेही हाच क्रम पाहिला: आधी भाषांतरण दबतं, मग शेपटी कातरली जाते, मग एमआरएनए जातो.

तरी ‘पहिली घटना म्हणून तीच खरी’ असाही अर्थ काढू नये. शेपटी कातरायला भाषांतरण आधी थांबलेलंच असावं लागत नाही आणि भाषांतरण दाबायला शेपटी कातरावी लागत नाही. दोन्ही एकाच सीसीआर४-नॉटमधून निघतात (प्रश्न ३). कोणती वाट जड पडेल हे पेशीच्या अवस्थेवर ठरतं. सुरुवातीच्या गर्भात शेपटीची लांबी आणि भाषांतरणाचा वेग यांचं घट्ट नातं असतं, म्हणून तिथे शेपटी आखडली की भाषांतरण पडतं. गॅस्ट्रुलेशनच्या (गर्भात पेशींचे थर तयार होण्याच्या) सुमारास हे नातं सुटतं आणि त्यानंतर शेपटी आखडल्याचा मुख्य परिणाम एमआरएनएच्या आयुष्यावर होतो.

९. डीडीएक्स६, ४ई-टी, ४ईएचपी ही नावं सगळीकडे दिसतात. यांचा टोपीशी संबंध काय?

सीसीआर४-नॉटच्या कण्यात, म्हणजे सीनॉट१ या प्रथिनात, मधोमध एमआयएफ४जी नावाचा भाग आहे. त्याला डीडीएक्स६ हा हेलिकेज चिकटतो. डीडीएक्स६ ला ४ई-टी हे प्रथिन चिकटतं. आणि ४ई-टी ज्या खाचेतून ईआयएफ४ई ला धरतं, त्याच खाचेवर एरवी ईआयएफ४जी बसतो. म्हणजे शेपटीकडच्या टोकावर आलेल्या मायक्रोआरएनएपासून पार टोपीपर्यंत हात पोहोचला.

४ईएचपी, म्हणजे ईआयएफ४ई२, हा ईआयएफ४ई चा भाऊबंद. तोही टोपी पकडतो, पण कमी घट्ट, आणि ईआयएफ४जीशी जोडला जात नाही. त्यामुळे तो टोपीवर बसला की तिथून भाषांतरण सुरू होत नाही. ४ई-टी त्याला सीसीआर४-नॉटशी जोडतं, आणि आपल्या जवळच्या टोपीवर आणून बसवल्याने त्याची कमी पकडही पुरेशी ठरते. २०१७ साली सोनेनबर्ग यांच्या गटाने दाखवलं की ४ईएचपी काढून टाकल्यावर मायक्रोआरएनएचं भाषांतरण-शमन कमकुवत होतं. त्याच गटाला पुढे डस्प६ या जनुकावर याचा ठोस परिणाम दिसला; डस्प६ ईआरके या संकेतमार्गाला लगाम घालतं, म्हणून ४ईएचपीचा अभाव थेट पेशीच्या वाढीपर्यंत पोहोचतो.

डीडीएक्स६ टोपी काढणाऱ्या विकरांनाही जवळ आणतो. टोपी गेली की एक्सआरएन१ हे विकर एमआरएनए ५-प्राइम टोकाकडून खाऊन टाकतं, आणि दबलेलं भाषांतरण परत सुरू होण्याची शक्यता तिथेच संपते.

१०. टोपी आणि शेपटी मिळून वर्तुळ होतं असं शिकलो. मायक्रोआरएनए ते वर्तुळ तोडतो का?

तोडतो, पण एवढ्यावर सगळं समजावता येत नाही. ईआयएफ४जी आणि पीएबीपी यांच्या जोडणीमुळे एमआरएनएची दोन टोकं जवळ येतात. जीडब्ल्यू१८२ मध्ये पीएबीपीला पकडणारा पॅम२ हा तुकडा असतो, आणि पीएबीपी लक्ष्यावरून निसटतं हे शेपटी कातरली जाण्याआधीही दिसलं आहे. दुसरीकडे, पीएबीपीशिवायही शमन होतं असं फळमाशीच्या अर्कात २०११ साली दिसलं, आणि शेपटी नसलेले एमआरएनएही काही प्रमाणात दबतात. पीएबीपी शमनाला बळ देतं, अनिवार्य मात्र नाही, असं धरून चालावं.

११. ईआयएफ४ए२ हीच किल्ली आहे असं एका ठिकाणी वाचलं आणि दुसरीकडे त्याची गरजच नाही असं. खरं काय?

२०१३ साली मार्टिन बुशेल यांच्या गटाने मांडलं की सीनॉट१ ईआयएफ४ए२ ला पकडतो, तो ५-प्राइम भागावर गच्च बसतो आणि स्कॅनिंग अडवतो. ५-प्राइम भागात गुंडाळ्या नसलेले एमआरएनए दबत नाहीत, असंही त्यांनी दाखवलं. कल्पना आकर्षक होती. सीनॉट१ चा एमआयएफ४जी भाग ईआयएफ४जीच्या मधल्या भागासारखा आहे, आणि ईआयएफ४जीचा तोच भाग ईआयएफ४ए ला धरतो. ईआयएफ४ए१ आणि ईआयएफ४ए२ यांचा क्रम सुमारे ९० टक्के सारखा असला, तरी दुसऱ्याचं वेगळं काम असू शकतं, हेही पटण्यासारखं होतं.

पुढच्या तीन वर्षांत विरोधी पुरावा साचत गेला. २०१४ साली स्फटिकरचनांतून दिसलं की सीनॉट१ च्या त्या भागात डीडीएक्स६ बसतो. २०१५ साली जेरी पेलेटिए यांच्या गटाने दाखवलं की ईआयएफ४ए२ नसतानाही मायक्रोआरएनएचं शमन चालतं. २०१६ साली एलिसा इझाउराल्डे यांच्या गटाने ज्यांना स्कॅनिंग जवळजवळ लागतच नाही असे अगदी आखूड ५-प्राइम भागाचे एमआरएनए वापरले, आणि तेही दबले.

माझं मत असं: सर्वसाधारण शमनासाठी ईआयएफ४ए२ अनिवार्य आहे हा दावा टिकलेला नाही. याचा अर्थ त्या प्रथिनाचा सीसीआर४-नॉटशी संबंधच नाही असा मात्र होत नाही. बुशेल गटाने २०१९ मध्ये तो संबंध अधिक नेमका मांडला: ५-प्राइम भागात प्युरिन जास्त असलेल्या ठराविक एमआरएनएंवर ईआयएफ४ए२ भाषांतरण दाबतो. सरसकट नियमापेक्षा हे विधान लहान आहे, आणि तपासायलाही सोपं आहे.

१२. अर्गोनॉट स्वतःच टोपी पकडतं, किंवा ईआयएफ६ जबाबदार आहे, या सिद्धान्तांचं काय झालं?

दोन्ही २००७ मधले आणि दोन्ही मागे पडले.

अर्गोनॉटमध्ये टोपी पकडणाऱ्या ईआयएफ४ई सारखा भाग आहे असं सुचवलं गेलं, कारण त्यातली दोन फेनिलअलॅनिन बदलल्यावर शमन थांबत होतं. पुढच्याच वर्षी कळलं की हेच बदल अर्गोनॉटची जीडब्ल्यू१८२ वरची पकड सोडवतात. मग शमन थांबण्यासाठी टोपीचं कारण लागत नव्हतं.

ईआयएफ६ हा ६०एस उपघटकावर बसून त्याला ४०एसशी अकाली जुळू देत नाही. तो मायक्रोआरएनए संकुलासोबत सापडला होता. पण फळमाशीच्या पेशींत तो घटवूनही शमन चालूच राहिलं.

१३. ताण आला की पेशी ईआयएफ२ वर फॉस्फेट लावून भाषांतरण थांबवते. तीच ही यंत्रणा का?

नाही. ईआयएफ२ वरचं फॉस्फेट किंवा एमटॉर हे वाढीचे संकेत देणारं विकर बंद पडल्यावर ४ई-बीपी या प्रथिनाने ईआयएफ४ई ला अडवणं, ही दोन्ही पेशीभर लागू होणारी नियंत्रणं आहेत. मायक्रोआरएनए निवडक एमआरएनएंवर काम करतो. बाकीच्या एमआरएनएंसाठी पेशीतले प्रारंभक घटक तसेच उपलब्ध असतात. दोन्हींची गाठ मात्र पडू शकते, त्याचं उदाहरण प्रश्न १५ मध्ये आहे.

१४. एसआयआरएनए आणि वनस्पतींमधले मायक्रोआरएनए प्रारंभक घटकांना हात लावतात का?

एसआयआरएनए हाही अर्गोनॉटमध्ये बसणारा आखूड आरएनए, पण त्याची लक्ष्याशी जुळणी पूर्ण असते, म्हणून माणसात अर्गोनॉट२ लक्ष्य सरळ मधोमध कापतं. तिथे प्रारंभाचा प्रश्न येत नाही. पण हाच एसआयआरएनए अर्धवट जुळणाऱ्या दुसऱ्या एमआरएनएवर बसला तर मायक्रोआरएनएसारखाच वागतो. नको त्या जनुकांवर होणारे परिणाम बरेचसे याचमुळे असतात.

वनस्पतींत जुळणी सहसा जवळजवळ पूर्ण असते आणि कापणं हाच मुख्य मार्ग. तरीही भाषांतरण दाबणं तिथेही आहे. तंबाखूच्या पेशींच्या अर्कात इवाकावा आणि तोमारी यांनी २०१३ साली दाखवलं की वनस्पतींचं अर्गोनॉट१ शेपटी न कातरता, एमआरएनए न मोडता प्रारंभ रोखू शकतं. प्राण्यांमधला जीडब्ल्यू१८२ चा मार्ग वनस्पतींना जसाच्या तसा लावू नये.

१५. एकदा दबलेला एमआरएनए पुन्हा भाषांतरणात येऊ शकतो का?

टोपी आणि शेपटी शाबूत असतील तर येऊ शकतो. यकृताच्या हू७ पेशींत मिर-१२२ हा कॅट-१ या अमिनो आम्ल वाहकाचा एमआरएनए दाबून ठेवतो. अमिनो आम्लांची चणचण झाली की एचयूआर हे प्रथिन त्या एमआरएनएवर येतं, शमन सुटतं आणि एमआरएनए पॉलिसोमवर परततो. हे काम २००६ मधलं. प्रारंभ अडवून ठेवण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो: नवा एमआरएनए बनायची वाट न पाहता पेशी लगेच प्रथिन बनवू लागते.

दबलेले एमआरएनए पी-बॉडी या पुंजक्यांत साठतात, म्हणून पी-बॉडीच शमन करतात असं काहीजण लिहितात. पी-बॉडी विस्कटल्यावरही शमन चालू राहतं. म्हणजे पी-बॉडी हा शमनाचा परिणाम आहे, कारण नाही.

१६. मायक्रोआरएनए प्रारंभक घटकांचीच जनुकं शांत करू शकतो का?

करू शकतो, आणि तेव्हा परिणाम निवडक राहत नाही. एन्टेरोव्हायरसच्या संसर्गात वाढणारा मिर-१४१ हा ईआयएफ४ई च्या एमआरएनएला लक्ष्य करतो असं २०११ साली दाखवलं गेलं. टोपीवर अवलंबून असलेलं पेशीचं भाषांतरण घटतं, विषाणूचं आयरेसवरचं चालू राहतं. पोलिओसारख्या विषाणूंचं २ए प्रोटिएज ईआयएफ४जी कापून साधतं तेच इथे दुसऱ्या वाटेने साधतं.

१७. मायक्रोआरएनए भाषांतरण वाढवतो अशीही उदाहरणं आहेत. हा सगळा सिद्धान्त त्यामुळे कोसळत नाही का?

प्रत्येक उदाहरणाची यंत्रणा पाहिली की कोसळत नाही. सर्वांत पक्कं उदाहरण हेपटायटिस सी विषाणूचं. मिर-१२२ त्याच्या आरएनएच्या ५-प्राइम टोकाजवळ दोन जागी बसतो. या आरएनएला टोपी नसते आणि त्याच्या आयरेसला ईआयएफ४एफ लागत नाही. ज्या संकुलावर शमनाचा घाव बसतो ते इथे नाहीच, आणि टोकाला बसलेला मायक्रोआरएनए उलट त्या टोकाचं विघटनापासून रक्षण करतो. विषाणू यावर इतका अवलंबून आहे की मिर-१२२ ला बांधून ठेवणारं मिराव्हिर्सेन हे औषध रुग्णांमध्ये तपासलं गेलं आणि रक्तातला विषाणू घटल्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

वाढ थांबलेल्या मानवी पेशींत मिर-३६९-३ मुळे टीएनएफ-अल्फाचं भाषांतरण वाढल्याचं २००७ साली मांडलं गेलं. तिथे अर्गोनॉट२ सोबत एफएक्सआर१ हे प्रथिन होतं. म्हणजे अर्गोनॉटसोबत कोण येतं यावर परिणाम ठरतो. जीडब्ल्यू१८२ न येता दुसरं कोणी आलं तर ईआयएफ४एफवरचा घाव गृहीत धरता येत नाही.

१८. माझ्या रिपोर्टरमध्ये प्रथिन ७० टक्के घटलं, एमआरएनए ३० टक्के. भाषांतरणाचा प्रारंभ अडला असं लिहू का?

अजून नको. भाषांतरणाची कार्यक्षमता घटली इतकंच या आकड्यांवरून म्हणता येतं, तेही एमआरएनएचं मोजमाप नीट झालं असेल तर. शेपटी गमावलेला एमआरएनए अजून शिल्लक असतो आणि आरटी-पीसीआरमध्ये मोजला जातो, पण त्याचं भाषांतरण जवळपास संपलेलं असतं. ऑलिगो-डीटीने सीडीएनए बनवलात तर आखूड शेपटीचे एमआरएनए निसटून आकडा उलट बाजूने चुकतो. म्हणून यादृच्छिक प्रायमर वापरा आणि नॉर्दर्न ब्लॉटवर शेपटीची लांबी पाहा.

पुढची पायरी म्हणजे शेपटी कातरणं बंद करून पाहणं. शेपटीनंतर वेगळे न्यूक्लिओटाइड ठेवून टोक रायबोझाइमने कापलेला रिपोर्टर वापरता येतो, किंवा कातरण्याची क्षमता गेलेलं सीनॉट७ पेशीत वाढवता येतं. एमआरएनए स्थिर राहूनही प्रथिन घटलं तर भाषांतरणाचा भाग सुटा झाला. मग पॉलिसोम पाहा, आणि जड थरातली खूण खरोखर रायबोसोमची आहे ना हे प्युरोमायसिन (भाषांतरण करणारे रायबोसोम एमआरएनएवरून सोडवणारं औषध) देऊन तपासा. त्यानंतर अ‍ॅडेनोसिन टोपी आणि निदान दोन वेगळ्या गरजांचे आयरेस (प्रश्न ६). बीज बिघडवलेली लक्ष्यजागा असलेला जोडीदार रिपोर्टर प्रत्येक टप्प्यावर सोबत हवाच.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते वेळेकडे. ट्रान्सफेक्शननंतर (पेशीत डीएनए किंवा आरएनए घातल्यानंतर) २४ किंवा ४८ तासांनी एकच नमुना घेतलात तर शेवटचं चित्र मिळेल, क्रम मिळणार नाही. शक्य असेल तर थेट एमआरएनए ट्रान्सफेक्ट करा आणि पहिल्या काही तासांत अनेक नमुने घ्या. ल्युसिफरेज हे रिपोर्टरचं प्रथिन पेशीत आधीपासून साचलेलं असेल तर नवं भाषांतरण थांबल्याचं उशिरा दिसतं. अशा वेळी लवकर नष्ट होणारी ल्युसिफरेजची आवृत्ती घ्यावी.